नववा कौल

मांडवगण फराटा,
७ जून २००९

प्रिय हर्षदा,

पत्राच्या डोक्यावर देवाचं नाव नाही, हे आधी तुझ्या लक्षात येईल. मी विसरले नाही. किराण्याची यादी करतानासुद्धा वर ‘श्री बिरोबा’ लिहिल्याशिवाय माझा हात चालत नाही, तुला ठाऊक आहे. पण आज जे लिहायला बसले आहे त्याच्यावर त्याचं नाव घालायची माझी छाती होत नाही. परवा मोबाइलवर तू जे मागितलंस, त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण अगदी शेवटी. आधीचं वाचल्याशिवाय शेवट वाचू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं मागचं पान आधी उघडायची तुला खोड होती, म्हणून बजावते.

कागद बाळासोच्या कॉलेजच्या वहीतले आहेत. निम्म्या वह्या कोऱ्या ठेवून तुझा भाऊ पदवीधर झाला, तेव्हा कागद विकत आणायची गरज पडली नाही. उद्या तो तुमच्या शिक्रापूरवरूनच कामाला जाईल, त्याच्या डब्याच्या पिशवीत पाकीट घालून देईन. डिंकानं चिकटवेन. ह्यांना, तुझ्या दादांना, मी पत्र लिहिते आहे एवढंच माहीत आहे, काय ते नाही. पाऊस जवळ आला तसा त्यांचा पाय ठणकायला लागला आहे. कंपनीत आता गेटवर बसून असतात, तरी कुरकुंभहून घरी येईस्तोवर पोटरी दगडासारखी होते. तू दिलेल्या तेलाची बाटली संपत आली. लगेच दुसरी पाठवू नकोस, तळाशी अजून चार दिवसांचं आहे.

तुला तुझं पहिलीतलं काही आठवतं का गं? मला सगळं आठवतं. कुणी नाव विचारलं तर तुझे ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. पाहुणे आले की तू गोठ्यात गव्हाणीमागं जाऊन बसायचीस. शाळेत साहेब तपासायला आले तेव्हा तुझी चड्डी ओली झाली होती आणि पोरं आठवडाभर चिडवत होती. त्यानंतर एका संध्याकाळी रश्मीबाई वस्तीवर आल्या. दौंडहून एसटीनं येणाऱ्या बाई, पाचची गाडी सोडून एवढ्या लांब चालत आल्या म्हणजे नक्की तक्रार असणार, म्हणून मी आधीच पदर सावरून माफी मागायला लागले. बाई म्हणाल्या, “तक्रार नाही हो. हर्षदाचा आवाज घरात कुठं ठेवलाय तेवढं सांगा, आम्ही काढून नेतो.” मामंजी, तुझे आबा, दारात घोंगडी टाकून बसले होते. ते म्हणाले, “बाई, आमच्या कळपात बी एक मेंढी आसती, कंदी वरडत न्हाई. पर लांडग्याची चाहूल पयली तिलाच लागती.” बाई खळखळून हसल्या. “मग आबा, ह्या मेंढीला ओरडायला शिकवायचं काम आपण दोघांनी वाटून घेऊ.” आणि खरंच वाटून घेतलं त्यांनी. एक आयुष्यभर मेंढरामागं हिंडलेला, अंगठा उठवणारा म्हातारा आणि एक दौंडच्या बौद्धवाड्यातली मास्तरीण, आमच्या ओट्यावर बसून माझ्या पोरीचा आवाज शोधायचा बेत करत होती. मी चहा केला. माझ्या सासूबाई असत्या तर कपावरून चार शब्द बोलल्या असत्या. आबांनी आपल्या हातानं बाईंना कप दिला.

भिंतीचं तुला आठवत असेलच. बाईंनी तुला वर्गात भिंतीकडं तोंड करून उभं केलं. शिक्षा म्हणून नव्हे. भिंतीला पाढे म्हणून दाखव म्हणाल्या. भिंत हसत नाही, चिडवत नाही. मग दर सोमवारी एक वीत वळायचं. वर्गातल्या पोरांना मागं वळून बघायची बंदी. घरी आबा तसंच करायचे. गोठ्याच्या भिंतीला तू बे एके बे म्हणायचीस आणि आबा मागं बसून दोरी वळायचे. चुकलं तरी बोलायचे नाहीत, नुसते खाकरायचे. दिवाळीपर्यंत तुझं तोंड खिडकीशी आलं होतं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी तू सगळ्या गावासमोर सरळ तोंड करून उभी राहिलीस आणि चार ओळी म्हणालीस. चौथी ओळ विसरलीस आणि पुन्हा पहिलीच म्हणालीस. आबांना तेव्हा थोडं दिसत होतं. घरी येताना रस्ताभर ते डोळे पुसत होते आणि फुफाट्याला शिव्या देत होते.

आता कौलाचं सांगते. चौथीत तुला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं. केंद्र शिरूरला. परक्या गावात, परक्या वर्गात बसायचं म्हटल्यावर तुझा सगळा धीर पुन्हा गव्हाणीमागं जाऊन बसला. अंगात ताप भरला. बाई म्हणाल्या ते पटेना, दादा म्हणाले ते पटेना. शेवटी तू म्हणालीस, “देव म्हणत असंल तर जाते.” कौल लावायचा मान आबांचा. पण तोवर त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते जेवण सोडायचे. म्हणून ते म्हणाले, “सूनबाय, लाव तू. मी शेजारी बसतो.” तू बाहेर कडुनिंबाखाली बसलीस. बिरोबाच्या देवळीत, त्या एवढ्याशा देवळात, पोरींनी यायचं नाही, म्हणून आत काय होतं ते तू कधीच बघितलं नाहीस. ते आज सांगते.

बिरोबाच्या शेंदरी दगडाला दोन खांदे आहेत. ज्वारीचे दोन दाणे पाण्यात भिजवायचे, एक देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायचा, एक डाव्या. मनातलं विचारायचं आणि बघत बसायचं. पाणी सुकलं की आधी कुठला तरी एक सुटतो. उजवा सुटला तर देवाची हो, डावा सुटला तर ना. देवाच्या उजव्या हाताला सारवलेली भुई आहे. डाव्या हाताला दिव्याची पितळी ताटली असते. त्या दिवशी मी हात जोडून बघत बसले होते आणि डावा दाणा सुटून ताटलीत पडला. टिण्, एवढाच आवाज. आबांनी विचारलं, “कंचा पडला?” बाहेर तू गुडघ्यात मान घालून बसली होतीस. तुझा शेंबडा स्कार्फ मला दाराच्या फटीतून दिसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “उजवा.” आबा क्षणभर थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, “पोरी, उजवा दिला गं देवानं! ऊठ!”

तू कशी उठलीस, हर्षदा! ताप जणू अंगावरची चादर होती. शिष्यवृत्ती काही मिळाली नाही. पण परक्या शाळेत तीन तास बसून आलीस आणि मला येऊन सांगितलंस की तहान लागली तेव्हा तिथल्या बाईंना हात वर करून पाणी मागितलं. एवढंच तू चारचारदा सांगत होतीस. त्या पाण्यासाठी मी देवाच्या दारात खोटं बोलले होते. पुढचे पाच रविवार मी पाणीसुद्धा न पिता काढले. घरात सांगितलं, नवस आहे. देवाला म्हटलं, माझं खोटं माझ्या पोटावर घे, पोरीवर नको. आणि ते त्यानं घेतलं असं मला वाटलं.

मग ती रीतच पडली. सातवीत वक्तृत्वाला तालुक्याला जायचं होतं तेव्हा, हायस्कूलला एकटीनं सायकलवरून जायचं ठरलं तेव्हा, दहावीला, अकरावीला शिरूरच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा. नदीकाठच्या रस्त्यानं मुलगी एकटी सायकल मारत जाते म्हणून भावकी नावं ठेवत होती आणि तू त्यांना तोंडावर सांगायचीस, “आमच्या देवानं उजवा दिलाय, तुमच्या देवाला विचारून या.” काय तोंड फुटलं होतं तुला! आबा ऐकून मांडीवर थाप मारायचे. वक्तृत्वाला तू दुसरी आलीस. बाईंनी स्वतःचं पेन बक्षीस दिलं, त्याच्यावर माझं नाव घाला म्हणून तू हट्ट केलास आणि बाळासोनं सुईनं त्यावर ‘हर्शदा’ असं चुकीचं कोरलं. तुझ्या बारावीपर्यंत असे आठ कौल मी लावले. आठही वेळा बाहेर येऊन उजवा म्हणाले. त्यातले खरे उजवे तीन. बाकीच्या पाचांत ताटली वाजली होती. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तारखा लिहून पुढं टिंब द्यायचे, रेघेच्या उजवीकडं नाही तर डावीकडं. देवापाशी खोटं बोलले तरी वहीत खोटं लिहायचं नाही, एवढं मी पाळलं. ते पान फाडून या पत्रात घातलं आहे. बघ.

मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते. आपल्या देवाला लेकरू परीक्षेला बसलं म्हणून राग येत नसेल, असं मी मनाला सांगायचे. बाई शाळेत तुला पुढं ढकलत होत्या, आबा घरात पाठीशी बसत होते, दादा कंपनीतून येताना न मागता वह्यांची चळत आणत होते. माझं मॅट्रिक आणि माझी अक्कल तुला पुरणारी नव्हती. मी दुसरं काय देणार होते? एक शब्द देत होते. तो देवाच्या नावावर देत होते, म्हणून तुला भारी वाटायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात दादांचा अपघात झाला. कामावरून परतताना कुरकुंभच्या मोरीजवळ गाडी घसरली आणि पाय तीन ठिकाणी मोडला. जुलैत ते अजून खाटेवर होते, मांडीत सळई. बाळासो आठवीत. आबा आंधळे. आणि त्याच आठवड्यात तुझं डी.एड.चं पत्र आलं. पहिल्याच यादीत नाव, सरकारी विद्यालय, चार दिवसांत हजर व्हायचं. त्या काळात डी.एड. म्हणजे झेडपीची नोकरी हातात. तू रश्मीबाईंसारखी बाई होणार होतीस. दादा खाटेवरून म्हणाले, “आमचं आम्ही बघू, तिला जाऊ द्या.” हे मुद्दाम लिहिते. त्यांनी तुला अडवलं नव्हतं. लोक अजून म्हणतात की शंभूच्या पायानं पोरीचं शिक्षण गेलं, आणि ते मान खाली घालून ऐकून घेतात. त्यांच्या पायावर हा आळ अकरा वर्षं मी राहू दिला.

त्या सकाळी मी दाणे भिजवले आणि देवळीकडं निघाले, तेव्हा तू पडवीत तांब्यात निखारे घालून ओढणीला इस्त्री करत होतीस. पिशवी भरून ठेवली होती. दादांच्या जुन्या खाकी पँटची तू स्वतः शिवलेली पिशवी. तू काहीतरी गुणगुणत होतीस. मी म्हटलं, चल, कौल लावायचाय. तू म्हणालीस, “तू लाव गं आई, मी आलेच,” आणि दुसरी ओढणी उलगडलीस. तुझ्या बोलण्यात काही खोट नव्हती. पण मी देवळीत जाऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की कडुनिंबाखाली आज कुणी नाही. तू थोड्या वेळानं आलीस, पण गुडघ्यात मान घालून नाही. उभी होतीस, वेणीचं टोक खेळवत, रस्त्याकडं बघत. तुला माझ्या शब्दाची गरज उरली नव्हती. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी जे मागितलं, ते झालं होतं. मला तेव्हा काय व्हायला हवं होतं? आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. खाटेवर नवरा, आंधळा सासरा, आणि दिवसभरात जिच्याशी मी दोन शब्द मनातले बोलते ती पोरगी पिशवी भरून रस्त्याकडं बघते आहे. ती गेली की परत येणार नाही, पाहुणीसारखी येईल, माझ्या घरात माझ्यापेक्षा शहाणी होऊन बसेल. हे सगळं त्या दगडासमोर बसून माझ्या मनात आलं.

दाणा सुटला. आवाज आला नाही. आबांनी विचारलं, “कंचा?”

मी म्हणाले, “डावा.”

त्यानंतर आबांनी काय केलं ते तुला बाहेरून दिसलं नसेल. त्यांनी हात पुढं केला, चाचपत चाचपत पितळी ताटलीपर्यंत नेला आणि पाची बोटं तिच्यात फिरवली. दोनदा फिरवली. ताटली रिकामी होती. मग तो हात त्यांनी धोतराला पुसला आणि भिंत धरून उठले. तेव्हा मला कळलं, हर्षदा. रानात अंधारात नुसत्या खुरांच्या आवाजावरून मेंढी ओळखणारा माणूस तो. मला वाटायचं, एवढ्याशा दाण्याचा आवाज त्याला काय कळतोय! पाची वेळा ताटली वाजलेली त्यांनी ऐकली होती आणि पाची वेळा ‘उजवा दिला गं देवानं’ म्हणून आपलं तोंड माझ्या खोट्याला दिलं होतं. आणि आज वाजली नाही, तेही त्यांनी ऐकलं होतं.

ते काही बोलले नाहीत. सुनेला खोटं पाडायचं नाही म्हणून, की खाटेवरच्या पोराकडं बघून, की पाच वेळा गप्प बसलेल्याला सहाव्यांदा बोलता येत नाही म्हणून, मला अजून कळलेलं नाही. तू आत डोकावून माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. तू रडशील, भांडशील, ‘परत लाव’ म्हणशील असं मला वाटलं होतं. तू परत लाव म्हणाली असतीस तर मी लावला असता, आणि उजवा म्हणाले असते, देवाशपथ. तू म्हणालीस, “बरं.” एवढंच. आठ वेळा खरा निघालेला देव नवव्या वेळी खोटा बोलेल, असं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. पडवीत गेलीस, तांब्यातले निखारे चुलीत टाकलेस, पिशवीतले कपडे एकेक काढून पेटीत ठेवलेस आणि भाकरीचं पीठ मळायला बसलीस.

त्याच दिवशी आबांनी तुझा हात धरून सांगितलं होतं, “पोरी, आता माझा कानबी गेला.” तू ते खरंच धरलंस. रोज सकाळी लसूण घालून तेल कोमट करायचीस आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन कानात दोन दोन थेंब सोडायचीस. ते डोळे मिटून पडून राहायचे. मी चुलीपाशी बसून ते बघायचे. दिवाळीनंतर ते गेले, तोवर एक दिवस तू ते चुकवलं नाहीस.

रश्मीबाई तुझ्या हजर व्हायच्या शेवटच्या दिवशी आल्या होत्या. तू गाईला पाणी दाखवायला गेली होतीस. मी सांगितलं, देवानं डावा दिला. बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “हर्षदाची आई, मी कौल मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण दरवेळी उजवाच कसा येतो, असं मी तुम्हाला कधी विचारलं का? नाही विचारलं. पोरगी उभी राहत होती, म्हणून गप्प बसले. आज विचारते. आज डावा कसा आला?” मी म्हटलं, “देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला कसं कळणार?” बाई उठल्या. चहा अर्धा राहिला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून मी तो उरलेला चहा पिऊन टाकला. अकरा वर्षं झाली, ती चव अजून जिभेवर आहे.

पुढचं तुला माहीत आहे. माघात तुझं लग्न झालं. जावई वाईट नाहीत, खोल्यांचं भाडं येतं, भरलं घर आहे, मी तक्रार करत नाही. पण तिथं तू सगळं विचारून विचारून करतेस. भाजी कुठली करू, विचारतेस. बचतगटात सही करू का, विचारतेस. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा फॉर्म आणून सहा महिने कपाटात ठेवलास आणि मग त्याच्यावर डबे पुसलेस. गेल्या दिवाळीत भाडेकरू तुला तोंडावर वेडंवाकडं बोलला आणि तू भिंतीकडं तोंड करून उभी राहिलीस. भिंतीकडं, हर्षदा. मी ते बघितलं. बाईंनी वीत वीत करून वळवलेलं माझं लेकरू मी एका शब्दात परत भिंतीकडं फिरवलं होतं. आधीच्या खोट्यांसाठी मी उपास धरले होते. या खोट्यासाठी आजपर्यंत एकही धरला नाही. एवढ्याला पुरेल असा उपासच मला सापडला नाही.

पाच वर्षांपूर्वी दौंडच्या स्टँडवर बाई भेटल्या. केस पांढरे झालेत, रिटायर झाल्यात. तू कशी आहेस, तुला किती मुलं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, “हर्षदा बोलते का?” मी म्हटलं, “बोलते की.” गाडी लागली होती, मी चढले. तेही खोटंच.

आता तुझ्या फोनचं. आपली सोनम नऊ वर्षांची, आणि एवढ्या मुलींतून तिची त्या निवासी शाळेत निवड झाली, हे ऐकून मी देवापुढं साखर ठेवली. ती घाबरली आहे, जेवत नाही, पंधरा तारखेला हजर व्हायचं आहे, आणि तू रडत म्हणालीस, “आई, तू कौल लाव. तू उजवा आला म्हणालीस की मला कसलंच भ्या वाटायचं नाही. सोनमलाबी तसंच सांगते. आन् डावा आला तर नाही पाठवणार, मग मी कुणाचं ऐकायची नाही.” आज रविवार. सकाळी मी देवळी सारवली, दिवा लावला, दाणे भिजवले, दोन्ही खांद्यांवर चिकटवले. आणि कुठलाही सुटायच्या आत माझ्या हातानं दोन्ही काढून घेतले आणि बाहेर चिमण्यांपुढं टाकले. मी विचारलं नाही. पुन्हा कधी विचारणार नाही. हे पत्र लिहिलं ते तुला हे सांगायला, की सोनमच्या जाण्याचा निकाल माझ्या तोंडावर ठेवू नकोस, कारण हेच तोंड तुझ्या वेळी उजव्याला डावा म्हणालं. त्या दिवशी देवानं हो म्हटलं होतं. मी नाही म्हटलं. हे वाचून तू माहेरी आली नाहीस तरी मी बोल लावणार नाही. पण पंधरा तारखेला तिला घेऊन जा. जाताना दौंडला उतर, रश्मीबाईंना भेट. त्या पाया पडू देत नाहीत, नुसती समोर उभी राहा आणि बोल. तिथं गेल्यावर सोनमच्या तोंडून शब्द फुटला नाही, तर तिथल्या बाईंना सांग, आधी भिंतीकडं तोंड करून म्हणू द्या, मग दर सोमवारी एक वीत वळवा. तू अशीच उभी राहिली होतीस. देवाला त्यात कुणी धरलंच नव्हतं गं. बाई होत्या, आबा होते, दादा होते. आणि आठ वेळा मीही होते.

लिहायला हात धजत नाही, तरी
तुझीच,
आई